विषाणू दबला, पण हृदयाचं काय? : एचआयव्ही, हृदय आणि व्यायाम



आजचा विषय फलकावर वाचून दोघा-तिघांनी आम्हाला दारातच अडवलं. म्हणाले, सर, हा तर डॉक्टरांचा विषय, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसानं यात कशाला पडावं? शंका रास्त आहे. कुठलं औषध घ्यावं, किती घ्यावं, हे आम्ही सांगणार नाही. तो आमचा अधिकार नाही. पण ‘बरं असणं म्हणजे काय’ हा प्रश्न वैद्यकाइतकाच आमच्याही विषयाचा आहे, आणि एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसांच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्या डोळ्यांदेखत बदललेलं आहे. हा बदल ध्यानात आला नाही, तर माणूस गोळ्या चोख घेतो, तपासण्या चोख करतो आणि तरीही पन्नाशीत हृदयविकारानं जातो. म्हणून आज हृदय आणि व्यायाम.

एक कल्पित उदाहरण घेऊ. अठ्ठेचाळीस वर्षांचा एक गृहस्थ आहे. बारा वर्षांपासून एआरटी केंद्रातून गोळ्या नेतो, एकही खेप चुकवत नाही. परवाच त्याच्या व्हायरल लोडचा अहवाल आला: विषाणू आढळला नाही. त्याला हायसं वाटलं, आणि वाटायलाच हवं. पण याच गृहस्थाचं पोट गेल्या तीन वर्षांत सुटलं आहे, तंबाखू सुटलेली नाही, दुसऱ्या मजल्यावर जाताना त्याला मध्येच थांबून दम खावा लागतो आणि रक्तदाब शेवटचा कधी मोजला हे त्याला आठवत नाही. हा माणूस बरा आहे का? विषाणूच्या बाजूनं पाहिलं तर उत्तम आहे. जिन्याच्या बाजूनं पाहिलं तर नाही. दोन्ही उत्तरं खरी आहेत, आणि आपली अडचण तिथेच सुरू होते, कारण आपण सगळ्यांनी इतकी वर्षं पहिलीच बाजू पाहिली.

ती का पाहिली, हे समजण्यासारखं आहे. १९८१ साली अमेरिकेत या आजाराची पहिली नोंद झाली. भारतात १९८६ साली चेन्नईत पहिले बाधित सापडले. त्या काळी निदान म्हणजे जवळजवळ मृत्यूची तारीखच. १९९६ च्या सुमारास तीन औषधं एकत्र देण्याची पद्धत आली आणि श्रीमंत देशांत मृत्यू झपाट्यानं खाली आले. आपल्याकडे १ एप्रिल २००४ पासून सरकारनं मोफत उपचार सुरू केले, आरंभी फक्त आठ सरकारी रुग्णालयांत. २०१७ पासून सीडी-४ पेशींचा आकडा कितीही असो, निदान झालं की उपचार, असं धोरण आलं. त्या सगळ्या वर्षांत प्रश्न एकच होता: हा माणूस जगेल का? उत्तर सीडी-४ आणि व्हायरल लोड या दोन आकड्यांत मिळत होतं. घराला आग लागली असताना भिंतीला ओल किती आली आहे, हे कोणी तपासत नाही.

आता आग विझली आहे, निदान जो नियमित गोळी घेतो त्याच्या घरापुरती तरी. माणसं पन्नाशी-साठी गाठू लागली, आणि मग ओल दिसू लागली. २०१८ साली जगभरच्या अभ्यासांची एक मोठी गोळाबेरीज प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार एचआयव्हीसह जगणाऱ्यांना हृदयविकार किंवा पक्षाघात होण्याचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट आहे, आणि एचआयव्हीमुळे पडणारा या विकारांचा जागतिक बोजा वीस वर्षांत तिप्पट झाला. हा बोजा वाढला याचं एक कारण चांगलंच आहे, लोक जगले हे. पण दुप्पट धोक्याचं स्पष्टीकरण त्यातून मिळत नाही, कारण ही तुलना त्याच वयाच्या माणसांशी होते.

मग धोका येतो कुठून? सुरुवातीला सगळा संशय औषधांवर होता, आणि तो अगदीच अनाठायी नव्हता. जुन्या काही औषधांनी रक्तातली चरबी वाढायची. गाल बसायचे, हातपाय काटकुळे व्हायचे आणि पोट मात्र पुढे यायचं. तेव्हा वाटलं, औषध कमी तर धोका कमी. या विचाराची कसोटी एका मोठ्या चाचणीनं घेतली. तिचं नाव स्मार्ट, आणि तिच्यात ५४७२ माणसं होती. एका गटानं औषध अखंड घ्यायचं. दुसऱ्या गटानं सीडी-४ चा आकडा ३५० च्या वर असेल तोवर औषध थांबवायचं आणि तो २५० च्या खाली गेला की पुन्हा सुरू करायचं. दुसऱ्या गटाचं औषध वाचेल आणि दुष्परिणामही टळतील, अशी आशा होती. २००६ साली निकाल आला तो उलटा. औषध थांबवणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले, हे एक वेळ अपेक्षित धरू. पण त्यांच्यात हृदयविकाराच्या घटनाही जास्त झाल्या! म्हणजे ज्याच्यावर संशय होता तो पहारेकरी निघाला, आणि चोर घरातच होता. आम्हाला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. चांगला तर्क, चांगला हेतू, आणि निसर्गानं दिलेलं सपशेल नकारार्थी उत्तर.

तो घरातला चोर म्हणजे सततचा दाह. हा शब्द जरा समजून घेऊ. बोटाला काटा लागला की ते लाल होतं, सुजतं, ठणकतं. मग काटा निघतो आणि सूज उतरते. हा झाला उपयोगी दाह. एचआयव्हीमध्ये होतं असं की संसर्गाच्या पहिल्या काही आठवड्यांतच विषाणू आतड्याच्या अस्तरातल्या सीडी-४ पेशींचा फडशा पाडतो. आतडं म्हणजे शरीराची वेस. तिथला पहारा कमजोर झाला की आतल्या जिवाणूंचे अंश झिरपून रक्तात येत राहतात. गोळ्यांनी विषाणू दबतो, पण वेशीची डागडुजी पूर्ण होत नाही. रोगप्रतिकारक यंत्रणा वर्षानुवर्षं अर्धवट जागी राहते, आणि तिचा त्रास होतो तो धमन्यांच्या आतल्या नाजूक अस्तराला. तिथे चरबी साचते, तिच्यात दाहाच्या पेशी शिरतात आणि अशी गाठ कधीतरी फुटते. बाहेरून काही दिसत नाही, काही दुखतही नाही.

यावर आपली नेहमीची भर आहेच: तंबाखू, मशेरी, विडी, रक्तदाब, मधुमेह. दक्षिण आशियातल्या माणसाला हृदयविकाराचा पहिला झटका इतर देशांतल्या लोकांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो, असं एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसलं आहे. तिथे तो सरासरी ५३ व्या वर्षी आला, इतरत्र ५९ च्या आसपास. शिवाय हल्ली आपल्याकडे बहुतेकांना टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर अशी तीन औषधांची मिळून एकच गोळी मिळते. गोळी उत्तम आहे, विषाणूला झपाट्यानं आवरते. पण डोल्युटेग्राविर घेणाऱ्यांचं वजन वाढतं, विशेषतः स्त्रियांचं, हे दक्षिण आफ्रिकेतल्या चाचणीत २०१९ मध्ये स्पष्ट दिसलं. यामुळे गोळी सोडायची नाही, बरं का. आत्ताच सांगितलेली स्मार्ट चाचणी विसरू नका.

आता व्यायामाकडे येऊ. आज नवल वाटेल, पण एके काळी या रुग्णांना व्यायाम सांगायला डॉक्टर कचरत. फार दमवणाऱ्या व्यायामानं प्रतिकारशक्ती काही काळ खाली येते, असं मानलं जाई. मग जिची प्रतिकारशक्तीच पोखरली आहे तिला पळायला कसं सांगायचं? अशा काळात मायामीमध्ये आर्थर लापेरिअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. तो १९९० साली प्रसिद्ध झाला, आणि आमच्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत विचार करायला लावणारा प्रयोग तोच. पन्नास पुरुष घेतले. आपल्याला बाधा आहे की नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं. निम्म्यांना पाच आठवडे सायकलच्या यंत्रावर व्यायाम दिला, निम्म्यांना नाही. मग सगळ्यांना तपासणीचा निकाल सांगितला. ज्यांचा निकाल ‘बाधित’ असा आला आणि ज्यांनी व्यायाम केलेला नव्हता, त्यांची चिंता आणि खिन्नता उसळली, रक्तातल्या काही संरक्षक पेशीही घटल्या. व्यायाम केलेल्या बाधितांमध्ये तेवढी पडझड झाली नाही.

इथे जरा थांबू या. बातमी तीच होती. तेव्हा उपचार जवळजवळ नव्हताच, म्हणजे तिचा अर्थही तोच होता. फक्त ती झेलणारं शरीर पाच आठवडे वेगळं वागलेलं होतं. मन आणि शरीर यांचा संबंध आम्ही वर्गात वर्षानुवर्षं देकार्तपासून शिकवला. पण पन्नास माणसांचा हा छोटा प्रयोग त्या चर्चेत आणून ठेवला असता, तर विद्यार्थ्यांना ती अधिक कळली असती असं वाटतं.

त्यानंतर लहान लहान चाचण्या होत गेल्या. कॅनडातल्या केली ओब्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा पुन्हा पुन्हा आढावा घेतला. २०१६ च्या आढाव्यात चोवीस चाचण्या होत्या. निष्कर्ष असा: आठवड्यातून किमान तीन वेळा, दर वेळी किमान वीस मिनिटं, पाच आठवड्यांहून अधिक काळ दमसासाचा व्यायाम केला, नुसता किंवा ताकदीच्या व्यायामासह, तर प्रकृती स्थिर असलेल्या बाधित प्रौढांना तो सुरक्षित आहे. दमसास वाढतो, ताकद वाढते, शरीराची ठेवण सुधारते, खिन्नता कमी होते. आणि सीडी-४ व व्हायरल लोड? त्यांत फरक पडला नाही.

हे शेवटचं वाक्य दोन प्रकारे वाचता येतं. ज्याच्या मनात अजून १९९५ सालचा प्रश्न आहे तो म्हणेल, पाहा, आकडा हलला नाही, मग उपयोग काय? पण चाचण्या सुरू झाल्या तेव्हाची भीती आठवा. व्यायामानं सीडी-४ खाली जाईल, विषाणू वाढेल, ही ती भीती होती. ती खोटी ठरली. त्या न हललेल्या आकड्याचा अर्थ ‘निर्धास्त करा’ असा आहे. व्यायामाचं काम विषाणूकडे नाहीच. ते काम गोळी करते. व्यायामाचं काम आहे जिन्याकडे. दुर्दैवानं केंद्रावरच्या कार्डावर जिन्याचा रकाना नसतो, म्हणून तो कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही.

हे काम चालतं कसं? धमनीचं अस्तर म्हणजे नुसता आतला लेप नव्हे. ते नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अत्यल्प प्रमाणात तयार करतं, त्यानं धमनी सैलावते. या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. आपण चालू लागलो की रक्त वेगानं वाहतं, अस्तरावर त्याचं घर्षण होतं, आणि तेच अस्तराला हा वायू तयार करण्याची सूचना देतं. हे घर्षण रोज होत राहिलं की अस्तराची सवय सुधारते, रक्तदाब थोडा उतरतो. दुसरीकडे, काम करणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर आत ओढतो. पोटातल्या अवयवांभोवतीची चरबी घटते, काट्यावर वजन फारसं न हलताही घटू शकते. म्हणून केवळ वजनकाट्यावर विसंबणाऱ्यांचा विनाकारण हिरमोड होतो.

दाहाच्या बाबतीत एक गंमत आहे. इंटरल्युकिन-६ नावाचं एक रसायन आहे. एचआयव्हीमध्ये ते रक्तात कायम चढं असलं तर लक्षण वाईट; मृत्यूच्या धोक्याशी त्याचं नातं दिसलेलं आहे. पण व्यायाम करताना हेच रसायन स्नायूतून बाहेर पडतं, रक्तातली त्याची पातळी काही पटींनी वाढते, आणि त्यापाठोपाठ दाह शमवणारी रसायनं येतात. कोपनहेगनच्या बेन्टे क्लार्लुंड पेडरसन यांनी स्नायूंतून येणाऱ्या अशा रसायनांना मायोकाइन हे नाव दिलं. एकच पदार्थ, तो रेंगाळला तर विष आणि येऊन गेला तर औषध. पदार्थ चांगला की वाईट, हा प्रश्नच बहुधा चुकीचा विचारलेला असतो. तो किती वेळ थांबतो आणि कुणाकडून येतो, हे विचारावं लागतं.

फ्रेंच विचारवंत जॉर्ज कांगिलेम हे तत्त्वज्ञ होतेच, शिवाय वैद्यकही शिकलेले. १९४३ सालच्या आपल्या प्रबंधात त्यांनी मांडलं ते थोडक्यात असं: आरोग्य म्हणजे सरासरी आकड्यांत बसणं नव्हे, तर परिस्थिती बदलली तरी निभावून नेण्याइतकी शिल्लक अंगात असणं. ही शिल्लक हृदयाच्या बाबतीत अक्षरशः मोजता येते. माणूस जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतो, हे तिचं माप. एचआयव्हीसह जगणाऱ्या मध्यम व उतारवयाच्या लोकांत ते त्यांच्या वयाच्या मानानं कमी भरतं, असं अनेक अभ्यासांत आढळलं. आपल्या त्या गृहस्थाला घरात बसल्या जागी काहीच त्रास नाही. पण उद्या बस धरायला धावायची वेळ आली, न्यूमोनिया झाला, एखादी शस्त्रक्रिया करावी लागली, तर खात्यात शिल्लक नाही. व्यायामानं वाढते ती नेमकी ही शिल्लक.

एक शंका मात्र प्रामाणिकपणे पुढे ठेवली पाहिजे. व्यायामाच्या या चाचण्या लहान आहेत, महिन्या-दोन महिन्यांच्या, फार तर वर्षभराच्या. त्यांत दमसास मोजला, रक्तदाब मोजला. हृदयविकाराचे झटके टळले का, हे एवढ्या छोट्या चाचणीत मोजता येत नाही. याउलट गोळीचं पाहा. रीप्रीव्ह नावाच्या चाचणीत बारा देशांतली ७७६९ माणसं होती, भारतातलीही होती. वय ४० ते ७५, एचआयव्हीचे उपचार चालू, हृदयाचा धोका कमी ते मध्यम. निम्म्यांना रोज पिटाव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचं औषध दिलं, निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. २०२३ साली निकाल आला: हृदयविकार, पक्षाघात अशा मोठ्या घटना ३५ टक्क्यांनी कमी. इतका खणखणीत पुरावा व्यायामाकडे नाही, आणि तो मिळणंही कठीण आहे, कारण चालल्यासारखं वाटेल पण चालणं होणार नाही, अशी निष्क्रिय गोळी कुठून आणणार?

मग व्यायामावर विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा? सर्वसाधारण लोकांवरच्या सत्तर वर्षांच्या निरीक्षणांच्या बळावर. जेरेमी मॉरिस यांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसवरच्या लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर दिवसभर जिना चढता-उतरता. हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी. बेस्टच्या जुन्या दुमजली बसमध्ये धावत्या गाडीत वर-खाली करणारा कंडक्टर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे पटकन पटेल. पण मॉरिस तेवढ्यावर खूश झाले नाहीत. तीन वर्षांनी त्यांनी गणवेशांच्या नोंदी काढल्या आणि पाहिलं, तर ड्रायव्हरांच्या पॅन्टी कंबरेला मुळातच मोठ्या होत्या! म्हणजे फरक सगळा जिन्याचा नसेल, काही आधीपासूनचा असेल. स्वतःच्या शोधावर असा संशय घेणारा माणूस पुढची पन्नास वर्षं हाच विषय धरून बसतो आणि तरीही व्यायामाच्या बाजूनंच उभा राहतो, तेव्हा त्याचं म्हणणं ऐकावं. एचआयव्ही असलेल्यांचं हृदय काही वेगळ्या मातीचं नाही. स्टॅटिन त्यांच्यात चाललं, तसा व्यायामही चालेल, असं मानायला भक्कम आधार आहे. आणि दोहोंतून एकच निवडा, असं कोणी सांगितलेलं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली शारीरिक हालचालीविषयीच्या सूचना सुधारल्या, तेव्हा दीर्घ आजारांसह जगणाऱ्यांसाठी वेगळा भाग केला आणि त्यात एचआयव्हीचा उल्लेख नाव घेऊन केला. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल, आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम. १५० मिनिटं म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. ‘मध्यम’ म्हणजे किती, हा प्रश्न नेहमी येतो. डॉक्टर सांगतात, चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. आपल्या सुश्रुतानं आणि वाग्भटानं अर्ध्या शक्तीचा व्यायाम सांगितला. अर्धी शक्ती झाली हे कसं ओळखायचं, तर कपाळावर, काखेत घाम आला आणि तोंडानं श्वास घ्यावा लागू लागला की तिथे थांबायचं. प्राचीनांना सगळं ठाऊक होतं, असल्या गप्पा आम्ही मारणार नाही. त्यांना ना हा विषाणू ठाऊक होता ना कोलेस्टेरॉल. पण मोजपट्टी स्वतःच्या श्वासात ठेवण्याची ती युक्ती आजही कामाची आहे, आणि तिला घड्याळ लागत नाही की यंत्र.

ज्यानं कधीच काही केलं नाही त्यानं दहा मिनिटांपासून सुरुवात करावी आणि दर आठवड्याला थोडं वाढवावं. ताकदीसाठी व्यायामशाळाच हवी असं नाही: खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठबस, भिंतीला हात लावून जोर, पाण्यानं भरलेल्या बाटल्या उचलणं. टेनोफोविरमुळे हाडं काहीशी विरळ होतात, त्यामुळे वजन पेलणारा व्यायाम यांच्या अधिकच उपयोगाचा. जुन्या औषधांमुळे ज्यांच्या तळपायाला मुंग्या येतात किंवा बधिरपणा असतो, त्यांनी अनवाणी चालू नये, घरी आल्यावर पाय बघावेत. ताप असेल, क्षयाचे उपचार नुकतेच सुरू झाले असतील, किंवा एआरटीच सुरू होऊन थोडे दिवस झाले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावं. चालताना छातीत दाब आला, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर व्यायाम तिथेच थांबवून थेट रुग्णालय गाठावं. ‘गॅस असेल’ म्हणून सोडा पीत बसू नये.

व्यायामशाळेत विकले जाणारे डबे हा एक वेगळाच ताप आहे. त्यांतल्या पुष्कळ भुकट्यांत कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम असतं. हे क्षार डोल्युटेग्राविरला पोटात धरून ठेवतात आणि औषध रक्तात कमी उतरतं. क्रिएटिन घेतलं तर रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसू शकतं, आणि टेनोफोविर घेणाऱ्याच्या मूत्रपिंडाची चौकशी त्याच आकड्यावरून होते. मग नसता घोळ होतो. डबा घ्यायचाच असेल तर त्यावरची यादी केंद्रातल्या औषधनिर्मात्याला दाखवून घ्या.

इतकं सगळं शास्त्र सरळ असूनही लोक चालायला बाहेर पडत नाहीत, आणि त्याचं कारण आळस एवढंच नाही. या आजारानं पहिल्या दशकांत एक चित्र समाजाच्या मनात कोरलं: वाळलेला माणूस. त्यामुळे औषध लागू पडून अंगावर मांस आलं की घरच्यांना आनंद होतो, आणि तो खरा असतो. आता त्याच माणसाला सांगायचं, पोट कमी कर. तो झिजला तर गल्लीत कुजबुज सुरू होईल, ‘पुन्हा काही झालं का याला?’ दुसऱ्याचं शरीर आपण पत्रासारखं वाचत असतो, आणि पत्र ज्याचं आहे त्याला ते ठाऊक असतं. सुटलेलं पोट हे त्याचं चिलखत आहे. ते काढ म्हणताना आपण काय मागतो आहोत, याची जाणीव सल्ला देणाऱ्याला हवी. बायकांची अडचण आणखी निराळी. लहान गावात एखादी बाई विनाकामाची रोज अर्धा तास रस्त्यानं चालते म्हटलं, की पहिली चौकशी ‘कुठं निघालीस?’ ही असते. तिथे चार जणींनी मिळून देवळापर्यंत जाणं हा सगळ्यांत सोयीचा व्यायाम.

व्यायामशाळेबद्दलची भीतीही बोलून टाकू. घामातून, एकाच यंत्राला हात लावल्यानं, एकाच बाकावर पडल्यानं एचआयव्ही पसरत नाही. २०१७ च्या कायद्यानं अशा बाधेमुळे सार्वजनिक सेवा-सुविधा नाकारणं हा भेदभाव ठरवला आहे. प्रशिक्षकाला आपली बाधा सांगण्याचं बंधन कुणावर नाही. रक्तदाब आहे, गुडघा दुखतो, एवढं सांगितलं तरी त्याचं काम भागतं.

मध्यंतरात काही चिठ्ठ्या आल्या आहेत, त्या घेतो.

पहिली: ‘नियमित व्यायाम केला तर गोळ्या कमी करता येतील का?’ नाही. एचआयव्हीची एकही गोळी नाही. रक्तदाबाचं किंवा साखरेचं औषध पुढेमागे कमी होऊ शकतं, पण ते डॉक्टर ठरवतील.

दुसरी: ‘योगासनं पुरतात का?’ अमेरिकेत सेंट लुईसला बाधित आणि हृदयाचा धोका असलेल्या साठ जणांवर वीस आठवडे योगाची चाचणी झाली, २०१० साली प्रसिद्ध झाली. रक्तदाब उतरला. वजन, रक्तातली चरबी, सीडी-४ यांत फरक पडला नाही. तेव्हा आसनं जरूर करा. रक्तदाबाला उपयोग आहे, मनालाही असेल. पण चालणं सोडू नका. सूर्यनमस्कार दमसास लागेल अशा लयीत घातले, तर ते चालण्याच्या जवळ जातात.

तिसऱ्या चिठ्ठीवर नाव नाही, अक्षर बाईचं दिसतं. ‘मी दिवसभर दुसऱ्याच्या शेतात खुरपते. संध्याकाळी पाठ धरते. आणखी व्यायाम कुठून करू?’ ताई, तुमचा प्रश्न आमच्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा नेमका आहे. खुरपणं म्हणजे तासन्‌तास एकाच जागी वाकून राहणं. त्यात थकवा येतो, पण हृदयाला लागणारी लय त्यात फारशी नसते. रोजगाराचे कष्ट आणि स्वतःसाठी केलेली हालचाल यांचा परिणाम सारखा होत नाही, असं अभ्यासकही आता म्हणू लागलेत. म्हणून तुम्हाला आणखी कष्ट करा असं आम्ही सांगणार नाही. शेतावरून येताना जमेल तेव्हा, ओझं नसेल त्या दिवशी, थोडं झपाझप या, श्वास लागेल इतपत. रात्री पाठीवर पडून गुडघे पोटाशी घ्या, पाठ मोकळी होईल. आणि मशेरी लावत असाल तर ती सोडणं हे तुमच्यासाठी व्यायामाहून आधी आहे. पुढच्या खेपेला गोळ्या आणायला केंद्रावर जाल, तेव्हा तिथल्या बाईंना म्हणा, माझा रक्तदाब बघा आणि कार्डावर लिहून द्या. त्यांनी घाई केली तरी उठू नका.